डब्यावरचं फूल

बदलापूरच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या कोपऱ्यात एक माठ होता आणि माठावर एक फूल होतं. पाच पाकळ्या, गुलाबी. मध्ये पिवळा ठिपका. खाली दोन पानं, त्यांतलं एक जरा वाकडं. फूल माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, सुजाताने, काढलं. ते काढल्यापासून माझी आई या घरातलं पाणी पीत नव्हती.

यात गूढ काही नाही. आम्ही पूर्वी जिथे राहायचो तिथे डब्यावर, पिंपावर, कॅनवर फूल काढलेलं असलं की त्यातलं पोटात घ्यायचं नसे. सुजाता तिथे कधी राहिली नव्हती, तिला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. भाऊ विसरला होता. आई बाकीचं बहुतेक सगळं विसरली आहे, सकाळी जेवली की नाही हेसुद्धा. फूल तेवढं विसरली नाही.

"ताई, तू ये," भावाने ऑफिसातून फोन केला. "डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत पोटात नीट पाणी गेलं नाही तर ॲडमिट करा, सलाइन लावू. ह्या वयात किडनीवर येतं म्हणे. तुझं ऐकते ती."

आईने आजवर कोणाचं ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. तरी मी गेले.

हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. फरशीभर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यांवर डबे. तेलाचे चौकोनी डबे, चहापत्तीचे, दूध पावडरचे, आइस्क्रीमचे, एक पोचा आलेली किटली, एक शिट्टी हरवलेला कुकर. रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसात स्पर्धा होती. जुने डबे सजवायचे आणि त्यांत घरात वाढणाऱ्या, स्वयंपाकात वापरायच्या वनस्पती लावायच्या. पुदिना, ओवा, गवती चहा ही मंडळी आता 'हर्ब' झाली होती. त्यांच्या शेजारी बेसिल आणि ओरेगॅनो होते. ते बहुधा जन्मतःच हर्ब असावेत. प्रत्येक डब्यावर फूल होतं. किटलीवर तीन होती. उरलेल्या रंगात सुजाताने माठ उरकला होता.

या कामाचा क्लास झाला होता. शिकवणाऱ्या बाई ठाण्याहून गाडीने यायच्या. त्यांची पद्धत अशी: डबा घासायचा, पॉलिश पेपर मारायचा, पांढरा प्रायमर लावायचा, वाळला की रंग, मग हाताने काढलेलं किंवा कागदी रुमालातून कापलेलं फूल, त्यावर वॉर्निश. शेवटी पॉलिश पेपर पुन्हा हातात घ्यायचा आणि कडा खरवडून डबा जुना दिसेल असं करायचं. म्हणजे जुना डबा नवा करून परत जुना. ज्यांच्याकडे जुने डबे नव्हते त्यांनी नवे आणले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी भरलेला तेलाचा डबा घेतला, तेल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतून ठेवलं आणि रिकामा डबा 'रिसायकल' केला. सुजाताने हे कौतुकाने सांगितलं.

"आणि हा बघा ना ताई, हा कसा झालाय?"

"छान."

"छान म्हणताना तुमचं तोंड छान म्हणत नसतं."

मी ज्या वर्तमानपत्रात होते त्याच्या पुरवणीत अशा हौसेच्या मजकुराला कायम जागा असते. अनेक वर्षं तो माझ्या टेबलावरून गेला. मथळ्यात 'हिरवाई', शेजारी कुंडीकडे बघून हसणारी बाई. तो तपासताना एकच गोष्ट पाहायची असे, जागेत बसतो की नाही. नाही बसला तर शेवटून कापायचा. काही बिघडत नसे, कारण शेवटी काही नसेच.

आई आतल्या खोलीत पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. ओठांना भेगा पडलेल्या. गालाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहील अशी. मला पाहून तिने आधी दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाली, "ह्यांच्याकडे सगळं नापास आहे. तू काही खाल्लंस का इथे?"

"नाही."

"खाऊ नकोस. पाणीपण नको. जाताना बाहेर पी."

सीलबंद बाटल्या आणून झाल्या होत्या. आई बाटलीकडे बघून विचारायची, हे कुठल्या पिंपातलं? याचं उत्तर कोणाला देता येईना. तिच्या हिशेबात पाणी आता कशात आहे याला महत्त्व नव्हतं, आधी कशात होतं याला होतं. हा नियम तिचा एकटीचा नाही. तो उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या टोकाला असलेल्या एका चाळीचा आहे, आणि ती चाळ आता नाही.

चाळीच्या पुढच्या अंगाला उल्हासनगर होतं आणि मागच्या अंगाला अंबरनाथचे केमिकलचे कारखाने. दिवस वासाने कळायचा. सकाळी नासलेल्या कांद्याचा वास, दुपारी गोड, कडू बदामासारखा, संध्याकाळी आगपेटीतली मूठभर गुलं एकदम पेटवल्यासारखा. वारा फिरला की गॅलरीतल्या बायका नाक वर करून कोणत्या बाजूचं काम चालू आहे ते सांगायच्या आणि वाळत घातलेले कपडे काढून घ्यायच्या. हिवाळ्यात वास वर जात नसे. धुक्याबरोबर अंगणात बसून राहायचा, आणि चहाच्या पहिल्या घोटाला पितळेची चव यायची. हिवाळा म्हटलं की अजून जिभेवर तीच चव येते. लोकांना हुरडा आठवतो, आम्हाला पितळ. पावसाळ्यात हवा जरा धुतली जायची, पण मग वालधुनी नदी रंग बदलायची. शिवमंदिराकडे जाताना पूल लागायचा. तिथे पोचण्याआधी मुलं पैज लावायची, आज हिरवी की चहासारखी. मोठी माणसं पदर किंवा रुमाल नाकाला लावून, देवाचं नाव घेत पूल ओलांडायची.

नळाला पाणी एक दिवसाआड. घरात जितकी पिंपं तितकं पाणी आणि जितकं पाणी तितकी त्या घराची पत. नवीन पिंप घेणारं घर चाळीत नव्हतं. कारखान्यातून बाहेर पडणारे कॅन आणि ड्रम कॅम्पातल्या भंगारवाल्यांकडे यायचे आणि तिथून आमच्याकडे. आई सौदा करायला मला बरोबर न्यायची, ओझं धरायला. दुकानात पिंपांचे मनोरे असायचे, निळे, काळे, पांढरे, आणि मध्ये खुर्ची टाकून बसलेला सिंधी म्हातारा, गळ्यात पंचा.

"माई, आंख बंद करके ले जाओ. इसमें साबुन का माल था."

"साबुन का था तो फेस कहाँ है?"

"धोया है ना माई! धोने के बाद फेस कैसे रहेगा?"

"धोया है तो इतना वास क्यों मारता है? तुम नाहता नहीं क्या?"

म्हातारा हसून हात जोडायचा. आई पिंपात डोकं घालून आवाज द्यायची, पिंप उत्तर द्यायचं, त्या उत्तरातून तिला काही समजायचं. काय ते तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, काही समजत नसे.

आणलेलं पिंप लगेच वापरायचं नसे. आधी राख आणि वाळू घालून घासायचं. मग धुण्याचा सोडा, मग चिंचेचा कोळ, मग उकळतं पाणी, मग अंगणात उन्हात पालथं. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की तापलेले कॅन एकेक करून 'टक्' असा आवाज करत फुगायचे. झोपेत तो आवाज यायचा. कोणी दार वाजवत असल्यासारखा, पण दारापेक्षा खालून. त्यानंतर परीक्षा. पिंपाच्या तळाशी टोपलीभर माती, मातीत मूठभर मेथी, वर पाण्याचा हबका. मेथी हिरवीगार वर आली तर पिंप पास. पिवळी पडली, कडेने जळली किंवा आलीच नाही तर नापास. निकाल गॅलरीतून ओरडून सांगायची पद्धत होती.

"काय गं, लागला का निकाल?"

"पास!"

"पेढे दे मग!"

"पेढे कसले, मेथीचे लाडू घे. घालू त्याच मेथीचे?"

यावर सगळ्या बायका हसायच्या, कारण ती मेथी कोणीच खात नसे. ती उपटून नाल्याकडे टाकून द्यायची. रिकाम्या पिंपात मग ओल्या मातीचा, तुटलेल्या कोवळ्या देठांचा वास राहायचा आणि खाली, तळाशी, अजून काहीतरी. मी त्यात डोकं घालून वास घेत राहायचे, आई पाठीत धपाटा घालेपर्यंत. मेथीच्या देठांचा तो हिरवा वास आणि त्याच्या खालचा तो दुसरा, हे दोन एकत्र पुन्हा कुठे आले नाहीत. यावे असंही नाही.

नापास पिंप फेकणं परवडणारं नव्हतं. त्यातलं पाणी मोरीला, धुण्याला, फरशीला. फारच वाईट असेल तर त्यात माती भरून सदाफुली किंवा गुलबाक्षी. या झाडांना काही होत नसे. कारखान्यांच्या कुंपणांशी तीच वाढायची. पण कोणतं पास आणि कोणतं नापास हे दिसायला पाहिजे. यासाठी फूल. ते शेवटच्या खोलीतल्या पुष्पामावशी काढायच्या, कारण त्यांचा हात स्थिर होता आणि त्यांच्या नवऱ्याला कारखान्यातल्या रेलिंगचा उरलेला ऑइल पेंट मिळायचा. म्हणून आमची फुलं रेलिंगच्या रंगाची असत. एका वर्षी लाल, एका वर्षी मशीनचा हिरवा, आणि एक वर्ष सगळी फुलं राखाडी होती. राखाडी फूल बघून कोणाला विचित्र वाटलं नाही.

लिहायचं का नाही, असा प्रश्न निघाला होता म्हणे. पण चाळीत मराठी होते, सिंधी होते, तेलुगू होते, उत्तरेकडचे होते, आणि निम्म्यांना कोणतीच लिपी येत नव्हती. कोणी तरी म्हणालं, कवटी काढा, दोन हाडं काढा, कारखान्यात असते तशी. पुष्पामावशी ब्रश खाली ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला दिवस गेलेत आणि मी दारात कवटी काढू? डोकं फिरलंय का तुमचं?" फूल ठरलं. दर दिवाळीला, घरं सारवून-रंगवून झाली की नापास पिंपांवरची उडालेली फुलं पुन्हा गिरवली जायची. एका हातात चकली आणि एका हातात ब्रश अशा पुष्पामावशी गॅलरीभर फिरायच्या. त्यांच्या मागे ऑइल पेंटचा आणि तळणाचा वास फिरायचा.

बाहेरच्यांना अर्थातच उलटं दिसायचं. एकदा साताऱ्याकडून आत्या आली. गॅलरीतून चालत येतानाच कौतुक सुरू. किती हौशी गं बायका इथल्या, नाही तर आमच्याकडे पिंप म्हणजे पिंप! मग तिने कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि सगळ्यात सुंदर पिंपात बुडवला. तांब्या ओठाला लागणार तोच आईने तिच्या हाताला फटका मारला. तांब्या गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेला.

"अगं, ए! पाणी पितेय मी!"

"त्याला फूल आहे!"

"फूल आहे म्हणूनच घेतलं ना त्यातलं!"

आत्याने तो अपमान बरीच वर्षं सांभाळला. लग्नाकार्यात सांगायची, हिच्या घरी पाणी मागितलं तर मार मिळतो.

अशा आठवणींच्या लेखांत चाळ नेहमी उबदार असते. ही नव्हती. मेथीने पास केलेलं सगळं खरंच पास होतं असं मानायला काहीही आधार नाही. मेथीला काय कळतं? त्या गॅलरीतली माणसं कशाने खोकत होती आणि कशाने गेली याची चौकशी कोणी केली नाही, आम्हीही नाही. मूठभर बिया आणि राखाडी फूल एवढ्यावर एक अख्खी वस्ती निर्धास्त झोपायची. ही शहाणपणाची गोष्ट म्हणून कोणी सांगू लागला तर त्याला हाकलून द्यावं. चाळ पाडली, तिथे आता गाळे आहेत. बरं झालं. माझ्या भावाने बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा आईने एकही पिंप बरोबर आणलं नाही. तेव्हा तिला सगळं आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच आणलं नाही.

हे सगळं मी हॉलमध्ये बसून सुजाताला सांगितलं, याहून पुष्कळ थोडक्यात. ती ऐकताना ब्रश धूत होती. पाण्याचा रंग गुलाबी झाला, मग मळका.

"म्हणजे मी विष पाजतेय असं वाटतं त्यांना," ती म्हणाली.

"तुझ्याबद्दल नाही. डब्याबद्दल."

"डबे कोणाचे आहेत मग? समोर जाऊन सांगून आल्या, सुनेने सगळे डबे नापास करून ठेवलेत. त्या बाई मला विचारतात, तुमच्या सासूबाई टीचर होत्या का हो?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"हे सगळं पुसून टाक. आईला दाखवू. प्रश्न मिटला."

"माठावरचं पुसते. आत्ता पुसते. डब्यांवरचं नाही." तिने ब्रश फडक्यावर उलटे मांडले. "रविवारी आहे ना. आम्ही इथे आलो त्याला इतकी वर्षं झाली ताई, लिफ्टमध्ये मी शिरले की बायका मोबाईलमध्ये डोकं घालतात. कॅम्पातून आलेले लोक म्हणून. ह्या वेळी पहिल्यांदा कोणी तरी बेल वाजवून विचारलं, सुजाता, तू येणार ना? तुम्हाला हे सगळं येडेपणा वाटतो, मला कळतं. वाटू दे."

मला ते वाटत होतंच. ज्या बायकांनी लिफ्टमध्ये तिच्याकडे पाहिलं नाही त्यांच्यासाठी ती आइस्क्रीमच्या डब्यावर गुलाब काढत होती, आणि त्या बायका तिच्या डब्याकडेही पाहणार नव्हत्या. रविवारी झालं तसंच. सुजाताचे डबे खाली गेले, कोपऱ्यात बसले. बक्षीस एका चामडी बुटात लावलेल्या बेसिलला मिळालं. बूट नवा होता. पण ते नंतर.

माठावरचं फूल पुसायला घेतलं. आधी ओल्या फडक्याने, मग नेलपॉलिश काढायच्या औषधाने. मातीच्या अंगात रंग शिरला होता. पाकळ्या गेल्या, पानं गेली, आणि त्या जागी हाताच्या पंजाएवढा गुलाबी डाग राहिला, कडेने फिकट होत गेलेला. लांबून मातीचाच रंग वाटेल असा. सुजाता मागे सरून बघून म्हणाली, चालेल. मीही म्हटलं, चालेल. माठात ताजं पाणी भरलं. आईला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं.

आईने माठ पाहिला. मग वाकून, डोळे बारीक करून डागावरून दोन बोटं फिरवली. बोटं नाकाशी नेली.

"पुसलं," ती म्हणाली.

"हो आई, पुसलं सगळं. आता प्या," सुजाता म्हणाली.

"पुसलं म्हणजे पास होतं का?"

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चाळीत फूल काढण्यापेक्षा मोठी गोष्ट एकच होती, फूल पुसणं. एका उन्हाळ्यात कोणी तरी खोली सोडून जाताना आपल्या नापास पिंपावरचं फूल रॉकेलने पुसलं आणि पिंप नव्या भाडेकरूला देऊन गेला. त्या नव्या माणसांचं दार नंतर बरेच दिवस बंद होतं. पुढचं मुलांना सांगितलं नाही. एवढं आठवतं की त्यानंतर बायका कोणाचंही पिंप घेताना आधी त्याला उन्हात तिरकं धरायच्या, कुठे जास्त चकाकतं ते बघायच्या, आणि पाण्याला गेलेल्या बायकांच्या गप्पा बरेच दिवस कमी आवाजात चालल्या.

आता घरातलं काहीच भरवशाचं राहिलं नाही. आईने स्टीलचा पेला घेतला, प्रकाशात फिरवला, खाली ठेवला. कळशी बघितली, खाली ठेवली. फिल्टरची टाकी बघितली. तिच्यावर कंपनीचं चिन्ह होतं, निळ्या पाकळ्यांसारखं काही तरी. पातेलं बघितलं. जिथे फूल होतं तिथे होतं, जिथे नव्हतं तिथे ते पुसलेलं होतं. मघापर्यंत एक माठ नापास होता. माझ्या सल्ल्याने आम्ही अख्खं स्वयंपाकघर नापास केलं.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

भावाचा फोन आला. पाणी प्यायली का? नाही. मग मी निघतो, गाडी सांगून ठेवतो, हॉस्पिटलची फाइल कपाटात वरच्या खणात आहे. सुजाताने फोन ठेवला आणि एकदम पेला घेऊन माठात बुडवला.

"हे बघा आई. मी पिते. बघा. काही होत नाही. मी रोज हेच पिते." आणि तिने मोठमोठे घोट घ्यायला सुरुवात केली, डोकं मागे टाकून, रागाने. दाखवण्यासाठी.

आई चौकटीवरून सुटली. इतक्या वेगाने ती हललेली मी गेल्या काही वर्षांत पाहिलेली नव्हती. पेला उडाला, भिंतीवर आपटला, ओट्याखाली गेला. आईने सुजाताची हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या तोंडात घालायला बघत होती.

"थुंक! थुंक आधी! गिळलंस? किती गिळलंस?"

"आई, अहो, सोडा, काही नाही होत..."

"काही नाही होत! तुला काय कळतंय! बघितलंय मी काय होतं ते! थुंक म्हणते ना! तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी? सांगू काय तिला, फूल असलेलं प्यायली आणि मी बघत बसले?"

सुजाताने सिंकमध्ये थुंकलं. पाणी कधीच पोटात गेलं होतं, तरी थुंकलं. आई तिची पाठ चोळत होती, आधी जोरात, मग हळू, आणि काही तरी पुटपुटत होती, ते शब्द नव्हते. सुजाता सिंकवर वाकून तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, उलटी होते आहे. होत नव्हती.

गेले दोन-तीन दिवस माठातलं पाणी सकाळी सिंकमध्ये ओतलेलं सापडायचं. डब्यांतला पुदिना उपटून टाकलेला असायचा. सुजाताने ते आपल्याविरुद्ध समजून ठेवलं होतं. माझंही मत फारसं वेगळं नव्हतं; मी त्याला विस्मरण म्हणत होते, आणि हा शब्द वापरला की पुढे विचार करावा लागत नाही.

सुजाता सरळ झाली. तिने डोळे दंडाला पुसले. मग भांड्यांच्या साबणाने हात धुवायला घेतले. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. नखांच्या कडेला गुलाबी रंग बसला होता, तो तिने घासणीने काढला, कातडी लाल होईपर्यंत. आई बाजूला उभी राहून बघत होती. तिला घाई नव्हती. सुजाताने नळाची तोटी सोडली, हात खाली धरले, पाणी वाहून जाऊ दिलं, पुन्हा धरले. मग ओंजळ करून ती आईकडे वळली.

"ह्याच्यात काही नाही," ती म्हणाली. "बघा."

आईने ओंजळीत पाहिलं. बराच वेळ. बोटांच्या फटींतून थेंब पडत होते आणि पाणी कमी होत होतं. मग ती वाकली, सुजाताच्या मनगटांना दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायली. गाईगुरं पितात तसा आवाज करत, न थांबता. सुजाताने पुन्हा भरली. पुन्हा प्यायली. पुन्हा. कितीदा ते मोजलं नाही. खाली भावाने सांगून ठेवलेल्या गाडीचा हॉर्न वाजला असावा, कोणीच खिडकीशी गेलं नाही.

मग आईने मान हलवली, पुरे. तोंड पदराने पुसलं. आणि आपले हात तोटीखाली धरले. तिची बोटं आता जुळत नाहीत, ओंजळ नावाला होती, पाणी चारी बाजूंनी सांडत होतं. तशीच ती वळली आणि हात सुजातापुढे धरले.

"तू पण पी. घसा सुकला असेल तुझा, थुंकून थुंकून."

सुजाता तिच्याहून उंच आहे. तिला बरंच वाकावं लागलं. ओंजळीत घोटभर राहिलं होतं, ते ती प्यायली. बाकीचं आईच्या कोपरावरून ओघळून फरशीवर आलं, ओट्याच्या कडेने पसरत दाराकडे निघालं, हॉलमधल्या वर्तमानपत्रांच्या दिशेने.

"ताई," सुजाता वाकलेलीच म्हणाली, "फडकं टाका ना तिथे. बघत काय उभ्या राहिलात? घसरतील त्या."